शून्य की नोंदच नाही? अँड्रॉइडचा कर्सर नीट समजून घेऊया

आज जरा कोडमध्ये शिरूया. कधीच कोड लिहिला नसेल तरी वाचा, कारण ज्याच्याबद्दल बोलणार आहोत ती गोष्ट तुमच्या फोनमध्ये रोज चालते. कॉन्टॅक्ट्स उघडून यादी वर सरकवता, कॉल लॉगमध्ये कालचा मिस्ड कॉल शोधता, तेव्हा आतमध्ये कर्सर नावाची एक वस्तू डेटाबेसमधून एकेक ओळ काढून देत असते. (कोडमधली नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. एडिटरमध्ये ती अर्थातच इंग्रजीत टाकायची.)

हा कर्सर मी शिकलो तो पुस्तकातून नाही, एका काकूंचं बोलणं खाऊन.

माझ्या मावशीचा १४ बायकांचा बचत गट आहे. दर महिन्याच्या ५ तारखेला बैठक, प्रत्येकी २०० रुपये, उशीर झाला तर १० रुपये दंड. हिशोब वहीत. मी नुकताच कॉटलिन शिकत होतो, त्यामुळे उत्साहाने म्हटलं, मावशी, मी तुला ॲप करून देतो. दिलं. दोन महिने सगळं मस्त चाललं. तिसऱ्या महिन्यात मावशी बैठकीत ॲप बघून यादी वाचत होती आणि एका काकूंच्या नावापुढे आलं, जुलै, शून्य रुपये, दंड १० रुपये. काकू उभ्या राहिल्या. "मी पैसे दिलेत. तुझ्याच हातात दिलेत." मावशीलाही आठवत होतं. वही काढली, वहीत सही होती. पण तोपर्यंत १३ जणींसमोर एका बाईला बुडवी ठरवून झालं होतं, आणि ते ठरवलं होतं मी लिहिलेल्या एका ओळीने.

झालं काय होतं? काकूंनी पैसे दोन दिवस आधी घरी आणून दिले. मावशीने वहीत लिहिलं, ॲपमध्ये टाकायचं राहिलं. ॲप मात्र दर महिन्याला सगळ्या सभासदांची एकेक कोरी ओळ आधीच तयार करून ठेवायचं. म्हणजे काकूंच्या ओळीत रकमेचा खाना रिकामा होता. रिकामा, शून्य नव्हे. डेटाबेसच्या भाषेत नल. पण माझ्या ॲपने तो खाना वाचला आणि शून्य म्हणून दाखवला.

कर्सर म्हणजे हजेरीपटावरचं बोट

अँड्रॉइड फोनमध्ये ॲप्सची माहिती साठवायला एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस असतो. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली पहिल्यांदा प्रसिद्ध केला. तो कोणाच्या मालकीचा नाही, कोणीही फुकट वापरावा असा आहे. वेगळा सर्व्हर लागत नाही, एका फाइलमध्ये सगळं मावतं, म्हणून फोनला तो फिट बसला.

तुम्ही त्याला विचारता, "जुलैच्या सगळ्या नोंदी दे." उत्तरात तुम्हाला १४ ओळींची यादी हातात मिळत नाही. मिळतो कर्सर. शाळेत हजेरी घेताना बाईंचं बोट कॅटलॉगवर कसं एकेका नावावरून खाली सरकायचं, तसं. बोट ज्या ओळीवर आहे तीच ओळ वाचता येते. दुसरी वाचायची तर बोट हलवा.

आणि सुरुवातीला बोट कुठे असतं? पहिल्या नावावर नाही, त्याच्याही वर, कोऱ्या जागेवर. कर्सरची सुरुवातीची जागा -१ असते. नवीन मुलं इथेच पहिली ठेच खातात. कर्सर मिळाल्या मिळाल्या गेट-स्ट्रिंग करतात आणि ॲप "इंडेक्स -१ रिक्वेस्टेड, विथ अ साइज ऑफ १४" असं काहीतरी ओरडून बंद पडतं. आधी मूव्ह-टू-नेक्स्ट म्हणायचं, मग वाचायचं. मूव्ह-टू-नेक्स्ट पुढे ओळ असेल तर 'हो' म्हणतं, संपली की 'नाही', म्हणून ते थेट व्हाइल लूपच्या अटीत बसतं.

याची उलटी चूकही होते, आणि ती जास्त वाईट, कारण ॲप बंद पडत नाही. आधी मूव्ह-टू-फर्स्ट करायचं आणि मग व्हाइलमध्ये मूव्ह-टू-नेक्स्ट. बोट पहिल्या नावावर गेलं, आणि काही वाचायच्या आत लूपने ते दुसऱ्यावर नेलं. यादीतलं पहिलं नाव गायब. १४ पैकी १३ दिसतात आणि कोणी मोजत नाही.

ज्यांनी कॉलेजात जावाचं जेडीबीसी केलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे याच कामाला रिझल्टसेट आहे, १९९७ पासूनचा. तोही पहिल्या ओळीच्या आधी उभा असतो आणि नेक्स्ट म्हटल्यावर हलतो. पण दोन फरक लक्षात ठेवा, नाहीतर परीक्षेतलं उत्तर फोनवर चुकतं. रिझल्टसेटमध्ये कॉलम १ पासून मोजतात, अँड्रॉइडच्या कर्सरमध्ये ० पासून. दुसरा फरक आपल्या काकूंशी संबंधित आहे. रिझल्टसेटमध्ये गेट-लाँग केल्यावर वॉज-नल विचारता येतं, म्हणजे "आत्ता जे शून्य दिलंस ते खरं शून्य होतं की रिकामं होतं?" कर्सरमध्ये अशी मागाहून चौकशी नाही. वाचायच्या आधी इज-नल विचारायचं. नाही विचारलं तर गेट-लाँग नलचं ० करतं आणि गप्प बसतं.

जावामध्ये या रिझल्टसेटच्या पुढच्या पिढ्याही आल्या. २००४ च्या जावा ५ सोबत रोसेटचे पाच प्रकार मिळाले. त्यातला कॅश्ड रोसेट मला आवडतो. तो सगळ्या ओळी स्वतःजवळ घेतो, डेटाबेसचं कनेक्शन सोडून देतो, तुम्ही निवांत बदल करा, मग पुन्हा जोडून परत लिहितो. फिल्टर्ड रोसेटला तुमची अट लिहिलेली वस्तू द्यायची, तो न बसणाऱ्या ओळी लपवतो. मूळ वस्तू तीच ठेवून तिच्यावर आपलं शहाणपण चढवायचं, ही कल्पना तिथूनच डोक्यात ठेवा. अँड्रॉइडमध्ये आपण तेच करणार आहोत.

गुंडाळलेला कर्सर

काकूंच्या प्रकारानंतर माझी पहिली प्रतिक्रिया होती, जिथे जिथे गेट-लाँग आहे तिथे तिथे आधी इज-नल टाकू. शोधलं तर अशा ११ जागा निघाल्या. यादीत, दंडाच्या हिशोबात, महिन्याच्या पानावर, शेअर करायच्या मजकुरात. ११ ठिकाणी तीच दुरुस्ती म्हणजे बाराव्या ठिकाणी विसरणार हे नक्की.

अँड्रॉइडमध्ये कर्सर-रॅपर नावाचा एक क्लास तयार मिळतो. नावाप्रमाणे तो गुंडाळतो. आत खरा कर्सर ठेवतो आणि बाहेरून विचारलेला प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा आत पाठवतो. मूव्ह-टू-नेक्स्ट म्हटलं, आतल्याला सांगितलं. गेट-स्ट्रिंग म्हटलं, आतल्याकडून आणून दिलं. स्वतः काहीच करत नाही, आणि हाच त्याचा उपयोग. तुम्ही त्याचा वारसा घेऊन आपला क्लास लिहायचा आणि फक्त हवं तेवढं वाढवायचं.

मी हप्ता-कर्सर नावाचा क्लास केला. तो तयार होतानाच कॉलमचे नंबर एकदा शोधून ठेवतो, गेट-कॉलम-इंडेक्स-ऑर-थ्रो वापरून. हे नाव लांब आहे पण हेच वापरा. छोटं गेट-कॉलम-इंडेक्स कॉलम सापडला नाही तर -१ देतं, आणि मग एरर येतो भलतीकडेच, वाचताना, "कॉलम -१ वाचता येत नाही" अशा भाषेत. ऑर-थ्रो वाला तिथल्या तिथे सांगतो की या नावाचा कॉलम नाहीये.

मग त्यात तीन नव्या फंक्शन लिहिल्या. सभासद, तारीख आणि रक्कम. रक्कम फंक्शन आधी इज-नल बघते, रिकामं असेल तर नल परत देते, नाहीतर आकडा. कॉटलिनमध्ये तिचा परतीचा प्रकार लाँग नाही, प्रश्नचिन्हवाला लाँग आहे. त्यामुळे जिथे जिथे ती वापरली तिथे कंपायलरच विचारतो, "रिकामं असेल तर काय करू?" मला आठवण ठेवावी लागत नाही. यादीच्या पानावर मी उत्तर दिलं, "नोंद नाही" असं लिही. दंडाच्या हिशोबात उत्तर दिलं, नोंद नसेल तर दंड लावू नकोस, आधी मावशीला विचार.

इथे एक मोह होतो. नवं फंक्शन कशाला, सरळ गेट-लाँगच ओव्हरराइड करू, नल असेल तर -१ देऊ! नका करू. गेट-लाँग म्हणजे काय हे सगळ्या अँड्रॉइडला माहीत आहे, लायब्ररीतला कोड ते गृहीत धरतो. तुमचा -१ कुठेतरी बेरजेत घुसेल आणि एक रुपया कमी येईल. जुन्या फंक्शनचा अर्थ बदलू नये, शेजारी नवं ठेवावं, असं माझं मत आहे.

एसक्यूलाइटला थेट "प्रत्येक क्वेरीला माझ्याच प्रकारचा कर्सर दे" असंही सांगता येतं, कर्सर-फॅक्टरी देऊन. मी एकदा करून पाहिलं. चालतं, पण गुंडाळणं सोपं पडतं आणि कॉन्टॅक्ट्ससारख्या बाहेरून आलेल्या कर्सरलाही लागू होतं.

मग बेरीज चुकली

एवढं करून मी निश्चिंत झालो. दोन महिन्यांनी मावशीचा फोन. "अरे, यादीत १४ जणींचे दोनशे दोनशे दिसतात, पेटीत २८०० आहेत, आणि तुझं ॲप खाली एकूण २६०० म्हणतंय. बायका विचारतायत वरचे दोनशे कुणाचे."

मी तिच्या फोनवर ॲप उघडलं. १४ ओळी. प्रत्येकीपुढे दोनशे. एकूण २६००. रिकामी ओळ एकही नाही. अर्धा तास मी बेरजेच्या क्वेरीकडे टक लावून बसलो होतो. शेवटी एसक्यूलाइटचंच एक फंक्शन वापरलं, टाइप-ऑफ. ते प्रत्येक खान्यात नेमकं काय प्रकारचं आहे ते सांगतं. १३ ओळींत उत्तर आलं इंटिजर. एका ओळीत आलं टेक्स्ट.

मग डोळे उघडले. मावशीने मधल्या काळात फोन बदलला होता आणि नव्या फोनवर मराठी कीबोर्ड लावला होता. एका बाईची रक्कम तिने मराठी आकड्यांत टाकली, २००. बाकी १३ ओळींत इंग्रजी आकडे होते. आपण दोन्ही रोज वाचतो, बसच्या पाटीवर एक आणि मोबाइलवर दुसरं, त्यामुळे डोळ्याला काहीच खटकलं नाही. ना मला, ना मावशीला.

आता आत काय होतं ते बघा, कारण ही गोष्ट इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडत नाही. एसक्यूलाइटमध्ये कॉलमला इंटिजर म्हटलं तरी ती सक्ती नसते, फक्त कल असतो. आकड्यासारखा दिसणारा मजकूर आला तर तो आकडा करून ठेवतो. पण 'आकड्यासारखा' म्हणजे इंग्रजी ० ते ९. देवनागरी २०० त्याला आकडा वाटत नाही, तो मजकूर म्हणून तसाच ठेवतो, तक्रार करत नाही. पुढे बेरीज करताना, आकड्यासारखा न दिसणारा मजकूर तो शून्य धरतो. कर्सरचं गेट-लाँगही तेच करतं, मजकुरातून आकडा काढायला जातं आणि शून्य देतं. गेट-स्ट्रिंग मात्र जे आहे ते दाखवतं, २००. माझी यादी गेट-स्ट्रिंग वापरत होती, बेरीज एसक्यूलाइट करत होता. एकाच खान्याची दोन उत्तरं.

गंमत म्हणजे जावा आणि कॉटलिन या बाबतीत जास्त समजूतदार आहेत. मजकुराचं टू-लाँग केलं तर देवनागरी आकडे बरोबर ओळखतात, "२००" चे दोनशेच होतात. म्हणजे मी डेटाबेसमध्ये टाकायच्या आधी एकदा टू-लाँग केलं असतं तर हा प्रकार झालाच नसता. मी काय केलं होतं? खान्यात लिहिलेला मजकूर उचलला आणि तसाच टेबलमध्ये ढकलला. इनपुटचा प्रकारही नंबर ठेवला नव्हता, साधा मजकूर होता.

दुरुस्ती दोन्ही टोकांना केली. टाकताना आधी टू-लाँग-ऑर-नल, आकडा होत नसेल तर सेव्हच करायचं नाही, लाल अक्षरात "रक्कम नीट टाका". आणि हप्ता-कर्सरमधलं रक्कम फंक्शन आता फक्त इज-नल बघत नाही, गेट-टाइप विचारतं. खान्यात नल असेल तर नल, इंटिजर असेल तर गेट-लाँग, मजकूर असेल तर गेट-स्ट्रिंग घेऊन कॉटलिनकडून आकडा करून घ्यायचा. ११ जागांपैकी एकीलाही हात लावावा लागला नाही. गुंडाळायचा फायदा हा असा वसूल झाला. जुन्या टेबलमधल्या मजकूरवाल्या ओळीही एकदा फिरून आकड्यात बदलल्या, नाहीतर एसक्यूलाइटची बेरीज चुकतच राहिली असती. रॅपर फक्त वाचणाऱ्याला वाचवतो, टेबलमधली घाण तशीच राहते.

नवीन टेबल बनवत असाल तर सुरुवातीलाच टाइप-ऑफची अट घालून ठेवा, की या खान्यात इंटिजर किंवा नल सोडून काही चालणार नाही. एसक्यूलाइटच्या ३.३७ आवृत्तीत, २०२१ साली, स्ट्रिक्ट टेबलंही आली, ती हे काम आपोआप करतात. पण फोनमधलं एसक्यूलाइट अँड्रॉइडसोबत येतं आणि जुन्या फोनवर जुनंच असतं, मावशीच्या फोनवर ते चाललं नाही. अट मात्र चालली.

खिडकी लहान आहे

पुढे गटाने ठरवलं, बँकेत भरणा केला की पावतीचा फोटो ॲपमध्ये ठेवायचा. मी फोटो थेट टेबलच्या एका कॉलममध्ये घातला. सेव्ह झाला. काही एरर नाही. दुसऱ्या दिवशी ते पान उघडलं की ॲप बंद.

कर्सर सगळ्या ओळी एकदम आणत नाही. त्याच्याकडे मेमरीचा एक ठरावीक तुकडा असतो, कर्सर-विंडो. साधारणपणे २ एमबीचा. या खिडकीत मावतील तेवढ्या ओळी तो भरून घेतो. बोट खिडकीच्या बाहेर गेलं की खिडकी रिकामी करून पुढच्या ओळी भरतो. बचत गटाच्या साध्या ओळी शेकड्याने मावतात, त्यामुळे खिडकी आहे हे कळतही नाही. पण फोनच्या कॅमेऱ्याचा एक फोटो ३-४ एमबीचा असतो. एक ओळच खिडकीत मावत नाही. लिहिताना अडचण नाही, कारण लिहिताना खिडकी लागत नाही. वाचताना "रो टू बिग" म्हणून ॲप खाली.

यावरचा सरळ उपाय म्हणजे फोटो ॲपच्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून ठेवायचा आणि टेबलमध्ये फक्त पत्ता. आधी अडकलेले फोटो सोडवायचे तर क्वेरीत सबस्ट्रिंगचं फंक्शन वापरून दहा-दहा लाख बाइट्सचे तुकडे वाचायचे आणि फाइलमध्ये जोडायचे. मी पाच पावत्या अशा सोडवल्या.

लहान फोटोंमुळे ॲप बंद पडत नाही पण रडतं. समजा प्रत्येक ओळीत ३०० केबीचा फोटो आहे. खिडकीत सहा ओळी. सातव्यावर गेलात की एसक्यूलाइट तीच क्वेरी पुन्हा सुरुवातीपासून चालवतो, आधीच्या ओळी मोजत मोजत टाकून देतो आणि मग पुढच्या भरतो. यादी वर-खाली सरकवली की अडखळते ती यामुळे. शिवाय मधल्या वेळेत कोणी नवी ओळ टाकली असेल तर एखादी ओळ दोनदा दिसू शकते किंवा सुटू शकते, कारण पहिली खिडकी आणि दुसरी खिडकी वेगवेगळ्या वेळी भरलेल्या असतात. म्हणून क्वेरीत स्टार टाकून सगळे कॉलम मागू नका. यादीला नाव आणि रक्कम लागते, तेवढंच मागा.

लपवणारा कर्सर आणि त्यातला सापळा

यादीत फक्त बाकी असलेल्या बायका दाखवायच्या असतील तर ते काम क्वेरीतल्या अटीचं आहे, कर्सरचं नाही. हे आधी सांगतो, कारण एकदा रॅपर शिकलं की सगळीकडे रॅपर दिसायला लागतात. पण कधी अट क्वेरीत बसत नाही. मावशी शोधताना इंग्रजीत "शिंदे" टाइप करते आणि नावं मराठीत आहेत. ही जुळणी कॉटलिनमध्येच करावी लागते. मग गाळणारा कर्सर लागतो. सगळ्या ओळी एकदा फिरून जुळणाऱ्यांचे क्रमांक एका यादीत ठेवायचे, गेट-काउंटने त्या यादीची लांबी सांगायची, आणि मूव्ह-टू-पोझिशनला ३ म्हटलं की यादीतल्या इंडेक्स ३ वरच्या खऱ्या क्रमांकावर जायचं.

मी एवढंच लिहिलं, कर्सर-रॅपर वापरून. स्क्रीनवर तीन नावं दिसली. वा! मग खाली "यांना आठवण पाठवा" असं बटण होतं, ते दाबून पाहिलं. चाचणीचाच डेटा होता म्हणून वाचलो, कारण निरोप १४ जणींना गेला.

कारण असं. स्क्रीनवरची यादी मूव्ह-टू-पोझिशन वापरते, ते मी बदललेलं होतं. आठवणीचा लूप मूव्ह-टू-नेक्स्ट वापरतो, ते मी बदललेलं नव्हतं. आणि कर्सर-रॅपर काय करतो? प्रत्येक प्रश्न थेट आतल्या कर्सरला पाठवतो. त्याचं मूव्ह-टू-नेक्स्ट माझ्या मूव्ह-टू-पोझिशनकडे येतच नाही, आतल्याकडे जातं, आणि आतल्याला गाळणी माहीतच नाही. म्हणजे रॅपरने गाळायचं तर फर्स्ट, लास्ट, नेक्स्ट, प्रीव्हियस, मूव्ह, गेट-पोझिशन, इज-लास्ट, इज-आफ्टर-लास्ट, सगळं कुटुंब बदलावं लागतं. एक राहिलं की गळती.

यापेक्षा ॲब्स्ट्रॅक्ट-कर्सरचा वारसा घ्या. त्यात जागा बदलणारी सगळी फंक्शन एकाच दारातून जातात आणि तुम्हाला फक्त ऑन-मूव्ह भरायचं असतं. बाकी गेट-काउंट, कॉलमची नावं आणि गेट-स्ट्रिंग, गेट-लाँग वगैरे स्वतः लिहावे लागतात, टायपिंग जास्त आहे. पण मूव्ह-टू-नेक्स्ट बदलायचं विसरण्याची सोयच नाही, कारण ते बदलूच देत नाहीत. नवीन फंक्शन वाढवायची असतील तर रॅपर, ओळींची गणती किंवा क्रम बदलायचा असेल तर ॲब्स्ट्रॅक्ट-कर्सर, असं मी आता करतो.

यादीच्या शेवटी "एकूण" अशी जास्तीची ओळ हवी असेल तर मात्र यातलं काहीच लिहायला नको. मॅट्रिक्स-कर्सर म्हणजे डेटाबेसशिवायचा, हाताने ओळी भरायचा कर्सर. त्यात एक ओळ टाका आणि मर्ज-कर्सरने दोन्ही एकाखाली एक जोडा. फक्त दोन्हीकडे कॉलमचा क्रम सारखा ठेवा, कारण हप्ता-कर्सरने नंबर एकदाच पाठ केलेले असतात. आणि जुन्या पद्धतीचा कर्सर-अडॅप्टर वापरत असाल तर अंडरस्कोर-आयडी नावाचा कॉलम दोन्हीत हवाच.

बंद करायला विसरू नका

कर्सर वापरून झाला की क्लोज करायचा. त्याची खिडकी मेमरी अडवून बसते, आणि अशा ५०-१०० खिडक्या उघड्या राहिल्या की ॲप जड होतं. कॉटलिनमध्ये यूज नावाचा ब्लॉक आहे, त्यात कर्सर घेतला की मध्ये एरर आला तरी बाहेर पडताना तो आपोआप बंद होतो. हप्ता-कर्सर बंद केला की आतलाही बंद होतो, रॅपरने तो निरोपही आत पाठवलेला असतो.

जाता जाता, जे कोड लिहिणार नाहीत त्यांच्यासाठी एक. एखादं टॉर्चचं ॲप कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागतं आणि तुम्ही 'अलाउ' दाबता, तेव्हा तुम्ही त्याच्या हातात असाच कर्सर देता. कोणते कॉलम, किती ओळी, हे ते ॲप ठरवतं. एका ॲपच्या प्रक्रियेतून दुसऱ्याकडे जाताना ती खिडकी सामायिक मेमरीतून दिली जाते, म्हणून हजार नावं वाचायला क्षणभरही लागत नाही. एसएमएस आणि कॉल लॉगच्या बाबतीत गूगलने २०१८ साली प्ले स्टोअरचे नियम कडक केले. कॉन्टॅक्ट्सला मात्र शेवटचा दरवाजा तुमचं बोटच आहे.

आता कोणी म्हणेल, आजकाल कर्सर कोण हाताने वापरतं? २०१७ पासून रूम आहे, तीच वापरा. खरं आहे, मीही नव्या ॲपमध्ये रूमच वापरतो. ती वाचायचा कोड स्वतः लिहून देते. पण एक बघून ठेवा. दोन टेबलं लेफ्ट जॉइनने जोडून आलेल्या उत्तरासाठी तुम्ही क्लास लिहिला आणि त्यात रक्कम साध्या लाँग प्रकारची ठेवली, तर समोरची ओळ नसलेल्या सभासदाच्या रकमेत रूमही शून्यच भरते. लाँगपुढे प्रश्नचिन्ह टाकलं तर नल येतो. तेवढ्या एका चिन्हावर काकूंचा दंड अवलंबून आहे.

मावशीला माझं "नोंद नाही" आवडलं नाही. ती म्हणाली, बाईला वाचून दाखवलं की तेही आरोपासारखंच वाटतं, "विचारायचं आहे" असं लिही. आता तिथे तेच येतं.